एफ३ चा घन उघडताना : प्रक्रिया झालेला सिस्मिक डेटा पडद्यावर कसा तपासायचा

भूविज्ञानाच्या पुस्तकात छापलेला सिस्मिक छेद, म्हणजे जमिनीत सोडलेल्या लहरींच्या परावर्तनांतून काढलेलं खालच्या थरांचं उभं चित्र, हा तयार माल असतो. रंग कोणते, ॲम्प्लिट्यूड (परावर्तनाची ताकद) कुठे छाटायचं, उभा ताण किती द्यायचा, हे कुणीतरी आधीच ठरवून टाकलेलं असतं. तोच डेटा आपल्या लॅपटॉपवर उघडला की हे सगळे निर्णय आपल्याकडे येतात. पण आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण सॉफ्टवेअर न विचारता ते परस्पर घेऊन मोकळं होतं. म्हणून पहिल्यांदा उमटलेल्या चित्रावर भाळायचं नाही. आधी फाइल तपासायची, मग नकाशावरची जागा, मग चित्राची मांडणी. भूविज्ञान सगळ्यात शेवटी. क्रम उलटा केला तर हौसेनं आखलेला फॉल्ट (थरांतला भंग) पुढे सर्वेक्षणाच्या जहाजाची वाट निघतो.

हा लेख एमएस्सीच्या किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींसाठी आहे. कच्च्या नोंदींवर डीकॉन्व्होल्यूशन (लहरीचा ठसा आखडणं), स्टॅकिंग (एकाच जागेच्या नोंदींची बेरीज), मायग्रेशन (परावर्तनं खऱ्या जागी नेणं) वगैरे सोपस्कार होऊन आलेला घन, म्हणजे डेटाचा त्रिमितीय ठोकळा, हातात पडला, आता पुढे काय, इथून सुरुवात करू.

साधन आणि डेटा

साधन म्हणून ओपनडीटेक्ट घेऊ. नेदरलँड्सच्या डीजीबी अर्थ सायन्सेस या कंपनीचं हे सॉफ्टवेअर विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं. मूळ आवृत्ती मुक्तस्रोत आहे. प्रो आवृत्तीला पैसे पडतात, पण इथलं सगळं काम फुकटच्या आवृत्तीत होतं. पेट्रेल किंवा किंग्डमसारखं दुसरं सॉफ्टवेअर तुमच्या ऑफिसात असेल तर बटणांची जागा बदलेल, तपासणी हीच राहील.

डेटा उत्तर समुद्रातल्या नेदरलँड्सच्या एफ३ ब्लॉकचा. हे सर्वेक्षण १९८७ साली झालं. शोध होता अप्पर ज्युरासिक ते लोअर क्रिटेशियस थरांमधल्या तेल-वायूचा, आणि गंमत म्हणजे ते थर सरावासाठी खुल्या केलेल्या भागाच्या खाली राहतात. आपल्याला मिळतो तो वरचा, तरुण गाळ. पण सरावाला तोच उत्तम. साधारण १६ गुणिले २४ किलोमीटरच्या या घनात त्रिभुज प्रदेशाचे मोठाले तिरपे थर आहेत, वायूच्या खुणा आहेत, फॉल्ट आहेत, तळाशी मिठाचा घुमट आहे, शिवाय चार विहिरीही आहेत. डीजीबीच्या टेरान्यूबिस या संकेतस्थळावरून तो फुकट उतरवता येतो. भारतातला डेटा हायड्रोकार्बन महासंचालनालयाच्या नॅशनल डेटा रिपॉझिटरीत असतो. पण हात बसेपर्यंत एफ३ बरा, कारण तुमचं काही अडलं तर जगभरात कुणीतरी तीच इनलाइन (घनाचा एका दिशेचा उभा छेद) पाहिलेली असते.

ओपनडीटेक्ट पहिल्यांदा सुरू केलं की ते सगळ्या सर्व्हेंची मूळ फोल्डर मागतं. भरपूर जागा असलेल्या ड्राइव्हवर ती करा, आणि उतरवलेला प्रकल्प तिच्या आत थेट ठेवा. झिप सोडवताना फोल्डरच्या पोटात त्याच नावाची दुसरी फोल्डर तयार झाली, तर यादीत सर्व्हे दिसतच नाही. नवख्यांचा पहिला तास बहुतेक वेळा यातच जातो.

फाइल वाचा, चित्र नंतर

तयार प्रकल्पात डेटा आधीच भरलेला असतो. तरीही एकदा मूळ सेग-वाय (सिस्मिक डेटा साठवायचा प्रमाण आराखडा) फाइल घेऊन ती स्वतः इम्पोर्ट करा, कारण नोकरीत येणारा डेटा असाच येतो. सेग-वायचा मूळ आराखडा १९७५ चा, मॅग्नेटिक टेपच्या काळातला. २००२ आणि २०१७ साली त्यात सुधारणा झाल्या. रचना सोपी आहे. आधी ३२०० बाइटांचा मजकूर हेडर, मग ४०० बाइटांचा बायनरी हेडर, आणि त्यानंतर एकामागून एक ट्रेस (एकेका जागेची वेळेनुसार नोंद), प्रत्येकाच्या डोक्यावर २४० बाइटांचा स्वतःचा हेडर.

मजकूर हेडर म्हणजे प्रत्येकी ८० अक्षरांच्या ४० ओळी. त्या सगळ्या वाचा, अगदी कंटाळा आला तरी. हा घन फक्त स्टॅक आहे की मायग्रेट केलेला? वेळेत आहे की खोलीत? कोणते फिल्टर लागलेत, शेवटी एजीसी (कमीजास्त ताकद आपोआप सारखी करणारी प्रक्रिया) दिलाय का, पोलॅरिटी (कठीण थराचं चिन्ह धन की ऋण) कोणती, निर्देशांक कोणत्या प्रणालीत? चांगल्या प्रोसेसरनं हे सगळं लिहिलेलं असतं. आळशी प्रोसेसरनं मागच्या प्रकल्पाचा हेडर तसाच चिकटवलेला असतो, त्यामुळे वाचलेलं प्रत्येक वाक्य पुढे डेटावर ताडून पाहायचं. ओळींच्या जागी नुसता अक्षरांचा कचरा दिसला तर फाइल बिघडलेली नाही. मजकूर एबसिडिक या जुन्या आयबीएम लिपिसंकेतात आहे आणि तुमचं साधन तो आस्की समजून वाचतंय, एवढंच.

बायनरी हेडरमध्ये तीन आकडे पाहायचे. नमुन्यांमधलं अंतर फाइलच्या ३२१७ व्या बाइटपासून मायक्रोसेकंदांत असतं. एफ३ साठी ४ मिलिसेकंद, म्हणजे तिथे ४००० दिसलं पाहिजे. एका ट्रेसमधले नमुने ३२२१ पासून, इथे ४६२. आणि ३२२५ पासून आकड्यांच्या स्वरूपाचा कोड: १ म्हणजे आयबीएम फ्लोट, ५ म्हणजे आयईईई फ्लोट.

हा तिसरा आकडा फसवतो. आयबीएम फ्लोट आयईईई समजून वाचला तर पडद्यावर कचरा येईल अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात बऱ्यापैकी छेदासारखं काहीतरी दिसतं, थरही ओळखू येतात, फक्त ॲम्प्लिट्यूडमध्ये चमत्कारिक उड्या असतात. त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नका. एखाद्या ट्रेसचे दहा-वीस आकडे उघडून पाहा. दोन आकड्यांत अब्जावधींचा फरक असेल किंवा शांत भागात मध्येच प्रचंड किंमत डोकावत असेल, तर कोड बदलून पुन्हा वाचा.

फाइल अर्धवट उतरली नाही ना, हे गणितानं कळतं. चार बाइटी नमुने असतील तर एक ट्रेस २४० अधिक ४६२ गुणिले ४, म्हणजे २०८८ बाइटांचा. फाइलच्या आकारातून सुरुवातीचे ३६०० बाइट वजा करा आणि उरलेल्याला २०८८ नं भागा. उत्तर पूर्णांक आलं पाहिजे, आणि तीच ट्रेसची संख्या. एफ३ मध्ये ती सहा लाखांच्या आसपास येते, म्हणजे फाइल सव्वा जीबीची. बाकी उरली तर एकतर फाइल तुटलीय किंवा नमुन्यांचा आकार वेगळा आहे. आठ बिटांत साठवलेले घनही फिरत असतात. त्यांत २५६ पायऱ्यांपलीकडे काही मावत नाही. होरायझन (एखाद्या थराचं पृष्ठ) आखायला ते चालतात, ॲम्प्लिट्यूडवर बोलायला नाही.

नकाशावर जागा बरोबर आहे का

आता ट्रेस हेडर. २००२ च्या सुधारित आराखड्याप्रमाणे इनलाइन क्रमांक बाइट १८९ ला, क्रॉसलाइन (इनलाइनला काटकोनातला छेद) १९३ ला, ट्रेसचा एक्स १८१ ला आणि वाय १८५ ला. जुन्या फाइलींमध्ये मात्र इनलाइन ९ ला आणि क्रॉसलाइन २१ ला सापडण्याची सवय ठेवा. इम्पोर्टच्या खिडकीत हेडर तपासण्याची सोय आहे. तिथे लागोपाठच्या ट्रेसांचे आकडे कोष्टकात पाहिले की कोणता रकाना एकेकानं वाढतोय आणि कोणता बराच वेळ स्थिर राहून मग एकानं पुढे सरकतोय ते लगेच कळतं. फाइल इनलाइनवार लावलेली असेल तर पहिला रकाना क्रॉसलाइनचा, दुसरा इनलाइनचा. एफ३ मध्ये इनलाइन १०० ते ७५० आणि क्रॉसलाइन ३०० ते १२५० या मर्यादेत यायला हव्यात.

७१ व्या बाइटमधला गुणक बहुतेक जण विसरतात. निर्देशांक पूर्णांकांत साठवायचे म्हणून ते दहापट किंवा शंभरपट करून लिहिलेले असतात. गुणक उणे १० असेल तर दहानं भागायचं. एफ३ चे निर्देशांक यूटीएम या मीटरांत मोजणाऱ्या नकाशा-प्रणालीच्या ३१ व्या झोनमध्ये आहेत: एक्स सहा लाखांच्या घरात, वाय साठ लाख सत्तर हजारांच्या पुढे. एक्स जर साठ लाख दिसत असेल तर गुणक लागलेला नाही, कारण यूटीएममध्ये पूर्वेकडचा आकडा दहा लाखांपर्यंतही जात नाही. दुसरी परीक्षा अंतराची. शेजारच्या दोन ट्रेसांच्या एक्स आणि वाय यांतल्या फरकांचे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ काढा. २५ मीटर आले पाहिजेत. २५० आले तर उत्तर मिळालंच.

इम्पोर्ट झाल्यावर सर्व्हेचा नकाशा उघडून चारही कोपरे आणि विहिरींच्या जागा पाहा. विहीर सर्व्हेच्या बाहेर, भर समुद्रात एकटी पडली असेल तर निर्देशांक प्रणाली जुळलेली नाही. इथे सुटलेली चूक पुढे कुठल्याच चित्रात दिसत नाही, हे लक्षात असू द्या.

रंग, क्लिप आणि ताण

डावीकडच्या झाडात इनलाइनवर राइट-क्लिक करून एक रेषा जोडा, मधली कुठली तरी, समजा ४२५, आणि तिच्यावर मूळ सिस्मिक घन चढवा. घन म्हणजे खरवसाची वडी समजा: इनलाइन हा तिचा एका दिशेचा उभा काप, क्रॉसलाइन त्याला काटकोनातला, आणि टाइम स्लाइस आडवा.

छेद उमटला की लगेच थर बघायला धावू नका. आधी हिस्टोग्राम उघडा. प्रक्रिया झालेल्या सिस्मिक डेटात आकडे शून्याभोवती जवळपास समान पसरलेले हवेत, मध्ये उंच टोक आणि दोन्हीकडे उतरत्या शेपट्या. टोक शून्यावरून सरकलेलं असेल तर डीसी बायस (सगळ्या आकड्यांत मिसळलेली स्थिर भर) आहे. शेपट्या मध्येच भिंतीसारख्या तुटल्या असतील तर कुणीतरी आधीच ॲम्प्लिट्यूड छाटलंय, आणि ते परत मिळणार नाही. नेमक्या शून्यावर प्रचंड खांब उभा असेल तर ते म्यूट केलेले (मुद्दाम शून्य केलेले) किंवा भरणीचे रिकामे ट्रेस.

मग रंगपट्टी. तिची मर्यादा शून्याभोवती सममित करा, नाहीतर पांढरा रंग शून्यावर बसत नाही आणि सगळी पोलॅरिटी गोंधळते. क्लिपिंग (टोकाचे आकडे छाटणं) एक-दोन टक्क्यांवर ठेवा. जास्त केलं की प्रत्येक थर भडक दिसतो आणि खरा ब्राइट स्पॉट (वायू सुचवणारा तेजस्वी पट्टा) त्या गर्दीत हरवतो. अगदी शून्य केलं की दोन-चार वेड्या ट्रेसांपायी बाकी सगळं राखाडी होतं. रंग राखाडी किंवा लाल-पांढरा-निळा घ्या. इंद्रधनुषी पट्टीला माझा ठाम विरोध आहे: पिवळ्या-हिरव्याच्या सीमेवर डोळ्याला कडा दिसते, डेटात ती नसते.

उभा ताण हा सगळ्यात गोड फसवणूक करणारा भाग. एफ३ मधले तिरपे थर पडद्यावर डोंगरउतारासारखे दिसतात. समजा एक थर पाच किलोमीटरमध्ये २०० मिलिसेकंद उतरतो. हा वेळ जाऊन-येऊन मोजलेला. उथळ गाळात वेग सेकंदाला २००० मीटर धरला तर उतार झाला २०० मीटर. पाच किलोमीटरला २०० मीटर, म्हणजे सव्वादोन अंशांच्या आसपास. सायकल चढवताना जेमतेम जाणवेल इतकाच. या वेगाला १००० मिलिसेकंद म्हणजे एक किलोमीटर, हा हिशेब डोक्यात राहिला की बरीच अंदाजपंची टळते.

घनात फेरफटका

आता खऱ्या अर्थानं बघा. ४२५ वरून इनलाइन दहा-दहाच्या टप्प्यानं पुढेमागे सरकवा. इंटरॅक्ट मोडमध्ये माऊस छेदावर फिरवला की खालच्या पट्टीत इनलाइन, क्रॉसलाइन, एक्स-वाय, वेळ आणि ॲम्प्लिट्यूड दिसतं. ती पट्टी वाचत राहायची सवय लावा.

वरच्या साधारण १२०० मिलिसेकंदांत मायोसीन ते प्लाइस्टोसीन काळातला गाळ आहे. आडव्या एस अक्षरासारखे थर एकापुढे एक रचत गेलेले दिसतील. बाल्टिक समुद्राच्या भागातलं पाणी वाहून आणणाऱ्या प्रचंड नदीप्रणालीनं हा त्रिभुज प्रदेश पुढे ढकलत नेला. या थरांची टोकं खालच्या एका पृष्ठावर येऊन टेकतात तिथे, मध्य-मायोसीन विसंगतीवर (गाळ साचण्यात खंड पडल्याच्या खुणेवर), थोडा वेळ थांबा. कोणता थर टेकतोय आणि कोणता छाटला गेलाय हे इथे शिकता येतं तसं पुस्तकातून कळत नाही.

अधूनमधून छोटे, तेजस्वी पट्टे दिसतील. वायू असेल तर खडकाचा अकाउस्टिक इम्पिडन्स (घनता गुणिले वेग) घटतो, त्यामुळे वरच्या पृष्ठाची पोलॅरिटी कठीण थराच्या उलट येते, तळाशी सरळ येते, आणि खालचे थर किंचित खचल्यासारखे दिसतात, कारण वायूतून लहर हळू जाते. ही तिन्ही लक्षणं एकत्र पाहा. नुसता उजेड पुरावा नाही. काही ठिकाणी उभा, धुरकट, विस्कटलेला पट्टा वर चढताना दिसेल. ती गॅस चिमणी (वायू वर झिरपण्याची वाट) असू शकते, पण वर एखादा तेजस्वी थर असेल तर त्याची सावलीही असू शकते. तळाशी मिठाचा घुमट आहे. मिठात वेग सेकंदाला साडेचार हजार मीटरच्या आसपास, म्हणून त्याच्याखालचे थर वेळेच्या छेदात वर ओढल्यासारखे दिसतात. तो फुगवटा जमिनीत तसाच असेल असं नाही.

इनलाइन आणि क्रॉसलाइन एकमेकींना छेदतात त्या रेषेवर थर तंतोतंत जुळतात का ते पाहा. मग टाइम स्लाइस घाला आणि वरपासून खाली सरकवा. फॉल्टचा खरा चेहरा इथे दिसतो, आणि खोटाही. सर्वेक्षणाच्या दिशेला समांतर, समान अंतरावरच्या पट्ट्या दिसल्या तर तो ॲक्विझिशन फूटप्रिंट (सर्वेक्षणाच्या पद्धतीचा ठसा). उथळ स्लाइसमध्ये तो ठळक असतो, खाली विरतो. फॉल्ट असा शिस्तीत चालत नाही.

दोषांची तपासणी

पोलॅरिटी ठरवायला एरवी समुद्रतळ बघतात: पाण्यापेक्षा तळ कठीण, म्हणून तिथलं चिन्ह कठीण थराचं. पण उथळ समुद्रात म्यूटमुळे तळाचं परावर्तन धड उरत नाही. मग विहिरीकडे वळावं लागतं. विहिरीत मोजलेल्या सॉनिक (ध्वनिवेगाच्या) आणि घनता लॉगवरून कृत्रिम सिस्मोग्राम करायचा आणि विहिरीजवळच्या ट्रेसशी जुळवायचा. एफ३ मध्ये एक खाच आहे: घनता मोजलेली फक्त एफ०२-१ आणि एफ०३-२ या दोन विहिरींत, बाकीच्या दोन विहिरींची घनता न्यूरल नेटवर्कनं सॉनिक आणि गॅमा-किरण लॉगवरून काढलेली आहे. जुळवणीसाठी आधी मोजलेल्या विहिरी वापरा.

एजीसीची शंका असेल तर जोरदार थराच्या लगेच वरखाली बघा. तिथे अस्वाभाविक शांत पट्टा दिसला, आणि उथळ व खोल भागाची सरासरी ताकद जवळजवळ सारखी असली, तर ॲम्प्लिट्यूड सपाट केलेलं आहे. त्या घनावर ब्राइट स्पॉटची चर्चा करण्यात अर्थ नाही.

मल्टिपल (एकाहून जास्त वेळा परावर्तित झालेली लहर) ओळखायला वेळ मोजा. समुद्रतळ १०० मिलिसेकंदांवर असेल तर २०० आणि ३०० वर त्याचीच नक्कल येते का? नक्कल मूळ थराच्या उताराच्या दुप्पट उतरते आणि खऱ्या थरांना बेधडक छेदून जाते. आपल्याकडे हे फार कामाचं आहे. खंबातच्या खोऱ्यात दख्खनचा बेसाल्ट हाच व्यावहारिक तळ मानतात. तो इतकी ऊर्जा परत पाठवतो की त्याच्याखाली खरं काही उमटणं कठीण. बेसाल्टच्या खाली सुबक आडवे थर दिसले तर आनंद करण्याआधी वरच्या थरांच्या वेळा दुप्पट करून बघा.

कडांना आणि खोलीत वर वळलेल्या कंसासारख्या रेघा दिसल्या तर त्या मायग्रेशन स्माइल. वेग गरजेपेक्षा जास्त घेतला की किंवा कडेला डेटा संपला की येतात. सर्व्हेच्या सीमेपासून काही शे मीटरांत केलेल्या कोणत्याही निष्कर्षापुढे प्रश्नचिन्ह ठेवा.

शेवटी फ्रीक्वेन्सी. छेदावर राइट-क्लिक करून ॲम्प्लिट्यूड स्पेक्ट्रम काढा, पण उथळ आणि खोल खिडकीचा वेगवेगळा. ४ मिलिसेकंदांच्या नमुन्यांत १२५ हर्ट्झच्या वर काही असूच शकत नाही. प्रबळ फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ आणि वेग २००० मीटर असेल तर तरंगलांबी ४० मीटर. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे दहा मीटर, ही वेगळा दिसू शकणाऱ्या थराची साधारण मर्यादा. तोच हिशेब चुनखडकात, वेग ४००० आणि ३० हर्ट्झ धरून करा: तेहतीस मीटर. पाच मीटरचा थर दाखवा म्हणून कुणी मागे लागलं तर हा आकडा पुढे करायचा.

फिल्टरनं काय खाल्लं

एफ३ च्या प्रकल्पात मूळ घनाबरोबर डिप-स्टीअर्ड मीडियन फिल्टर (थरांच्या उतारामागे जात गोंगाट काढणारा) लावलेला घनही असतो. दोन्ही एकाच इनलाइनवर आळीपाळीनं चालू-बंद करा. फिल्टर केलेला छेद देखणा दिसतो, थर अखंड होतात, आणि नेमका हाच धोका आहे, कारण लहान फॉल्टही शिवले जातात. त्यामुळे एका घनातून दुसरा वजा करून फरकाचा घन तयार करा आणि तो पाहा. त्यात नुसती बेशिस्त खरड दिसली तर फिल्टरनं गोंगाटच काढलाय. थरांच्या आकृत्या किंवा फॉल्टच्या सरळ रेषा दिसल्या तर कामाचं काहीतरी गेलंय. होरायझन आखायला गुळगुळीत घन वापरा, फॉल्ट आणि ॲम्प्लिट्यूडसाठी मूळ.

नोंदी

प्रत्येक निरीक्षणासोबत घनाचं नाव, इनलाइन, क्रॉसलाइन, मिलिसेकंद, रंगपट्टीची मर्यादा आणि क्लिपचा टक्का लिहा. स्क्रीनशॉट या आकड्यांशिवाय कुणाला पाठवू नका. काम संपलं की सेशन तारखेच्या नावानं सेव्ह करा, आणि मूळ सेग-वाय फाइल रीड-ओन्ली करून वेगळ्या ड्राइव्हवर टाका.